तिरप्या टायपातलं नाव

आहुपे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. भगवंतभाऊ यांना उज्ज्वलाचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्याकडे फोनला रेंज येत नाही, म्हणजे आपलं दोघांचं बरोबर जमलं. म्हणून पत्र लिहिते आहे. अंगणवाडीचे अहवाल सोडले तर हल्ली कागदावर एवढं लिहायची सवय राहिली नाही. चुकलंमाकलं तुम्ही लाल पेनानं सुधाराल हे माहीत आहेच.

इंद्रायणीचं लग्न ठरलं. मुलगा वारूळवाडीचा, मोहित नाव, नारायणगावात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. ११ मेची तारीख धरली आहे. पत्रिका तुमच्याच प्रेसमध्ये छापायची असं तिनंच सांगितलं. तिचा मामा बारा वर्षं तुमच्याकडे छपाईचे खिळे जुळवायला होता, तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

मजकूर सोबत जोडला आहे. एक ओळ मात्र मोकळी सोडली आहे, ती मामाची.

रामनाथला जाऊन पाच वर्षं झाली. २०१९ च्या दिवाळीनंतर तो मंचरहून निघाला तो निघालाच. एकदा घोडेगावच्या ओळखीच्यांकडे फोन करून "बरा हाय, येतो" एवढा निरोप ठेवला. मग लॉकडाऊन लागलं आणि पुढं काहीच नाही. पोलिसांतली तक्रार अजून तशीच पडून आहे. आता मोहितचे काका म्हणतात, मामाचं नाव उभं घातलं तर लोक मांडवात विचारणार, मामा कुठं आहे, नवरीला बोहल्यावर कोण आणणार. त्यापेक्षा 'कै.' लावून गेलेल्यांसारखं तिरपं छापा आणि मोकळे व्हा. आमचे हे, जानकूराव, मान खाली घालून बसले. ते घरातही वर्षातून चारदा बोलतात, सोयऱ्यांसमोर कुठले बोलायला.

पण आई ऐकत नाही. तिला वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी पत्रिका हातात आली की नावांवरून बोट फिरवून कोण आहे आणि कोण गेलं ते बरोबर सांगते. तुमच्या प्रेसनं आमच्या डोंगरातल्या बायकांना तेवढं वाचायला शिकवलं आहे. ती काकांना तोंडावर म्हणाली, "माजं पोर त्या वाकड्या अक्षरात बसवलं, तर मी लग्नाला येणार न्हाई." आणि ती खरंच येणार नाही, हे मी तिची मुलगी म्हणून सांगते.

मधला काही मार्ग आहे का, भाऊ? अक्षरांतलं तुम्हाला कळतं. तुम्ही सांगाल तसं करू.

तुमच्या उत्तराच्या वाटेवर,
उज्ज्वला


मंचर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वला हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चार चुका सापडल्या. त्यातल्या तीन मी सरकारी अहवालांच्या माथी मारतो, चौथी तुझी. इंद्रायणीचं ऐकून फार बरं वाटलं. पहिल्यांदा मामाबरोबर प्रेसमध्ये आली तेव्हा शाईच्या डब्यात हात घालून बसली होती ती हीच ना?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पण आधी त्या टायपाविषयी लिहितो, कारण लोक त्याला उगाच भितात. अक्षराचा त्यात काही दोष नाही.

आमच्या वडिलांनी पुण्याहून 'जाड तिरपा'च्या दोन केसा, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, आणल्या तेव्हा मी शाळेत जात होतो. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना कसे बारीक पाय असतात, तसे या टायपाच्या काना-वेलांट्यांना टोकाशी फाटे होते. विकणारा म्हणाला होता की मजकुरात जिथं आवाज चढवायचा असेल तिथं हा लावा. वडिलांनी आधी त्यात बियाण्याच्या दुकानाचं हँडबिल काढलं, मग नारायणगावच्या एका तमाशाच्या जाहिरातीत नाचणारीचं नाव लावलं. दोन्ही ठिकाणी तो शोभला नाही. का, ते मला पुढं कळलं. उभा जाड टाईप ओरडतो. हा जाड असूनही ओरडत नाही. हा जवळ झुकून कानात सांगितल्यासारखा बोलतो. त्याच्यानं जाहिरात कुठली व्हायला?

मग एका पत्रिकेत आजोबांच्या नावामागचा 'कै.' छापलाच गेला नाही, कारण त्या खिळ्याचं टोक मोडलं होतं. लोक लग्नात येऊन मेलेल्या माणसाची चौकशी करायला लागले. यजमान रडकुंडीला आले. त्या दिवशी वडिलांनी नियम केला की गेलेल्याचं नाव जाड तिरप्यात लावायचं, म्हणजे 'कै.' पडला तरी नाव पडणार नाही. ओळीतली बाकी सगळी नावं ताठ आणि एकच कललेलं, ते दुरूनही ओळखू येतं. शिवाय गेलेल्या माणसाचं नाव ओरडून छापू नये आणि बारीकही छापू नये, हे त्या एका टायपात साधलं. पंचावन्न वर्षं हा नियम चालतो आहे.

आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. तिथं बोल्ड इटॅलिकचं बटण दाबलं की तो उभ्याच अक्षराला ढकलून वाकडं करतो. ते सोंग आहे. खरा तिरपा वेगळा कोरलेला असतो, त्याच्या वेलांटीचं वळणच निराळं. हे मी सांगितलेलं ऐकून घेणारा माझ्याकडे आजवर एकच माणूस होऊन गेला, तो तुझा भाऊ.

तेव्हा मधला मार्ग वगैरे काही नाही. उभं छापू. 'मामा : श्री. रामनाथ', बाकीच्यांसारखंच. मोहितच्या काकांना सांग, नियम आमच्या प्रेसचा आहे, तो कुठं लावायचा ते आम्ही ठरवू. आईला म्हणावं, तिच्या मनासारखं होईल.

प्रूफ एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडतो.

तुझा,
भगवंत


आहुपे,
२ मार्च २०२५

ती. भगवंतभाऊ,

प्रूफ मिळालं. आईला दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून पदराला हात पुसले आणि नावांवरून बोट नेत नेत मामाच्या ओळीवर थांबली. म्हणाली, "उबा हाय." एवढंच. मग पुन्हा निवडायला बसली, पण तांदूळ सगळा खड्यांत चालला होता.

तुम्हाला खरं सांगते, मला त्या दिवसापासून भीती वाटते आहे. आईनं मनाशी पक्कं केलं आहे की तुम्हाला काहीतरी माहीत असणार. तिचं म्हणणं, भगवंतभाऊ अक्षराच्या बाबतीत खोटं बोलायचे नाहीत, त्यांनी उभं लावलं म्हणजे पोरगं उभं आहे. तिनं मामाच्या आहेराला शर्टाचं कापड आणि टोपी आणून ठेवली. कापड जानकूरावांना मापाला लावून पाहिलं आणि म्हणाली की रामनाथ यांच्यापेक्षा बोटभर उंच, तेवढं जास्त पाहिजे.

दुसरं एक. मागच्या आठवड्यात वारूळवाडीला बोलणी करायला गेलो होतो. तिथं मोहितच्या शेजारचे सावळेराम म्हणून एक म्हातारे चहाला आले. ऐंशीच्या वर वय, अजून सायकलवर फिरतात. मी रामनाथची बहीण म्हटल्यावर हसत म्हणाले, "तुज्या भावानं मला कागदावर मारला व्हता. मी अजून हाय, बग. पर त्या भगवंतानं पोराला लई बोल लावले. आमीच म्हणलं, जाऊ द्या राव."

हे काय आहे, भाऊ? रामनाथ का गेला असं मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात की त्याला शहरात मोठ्या कामाची ओढ होती. आम्ही पाच वर्षं तेच धरून बसलो. आई तर कधी कधी त्याच्यावर चिडते, की घरापेक्षा त्याला काम मोठं झालं.

काय झालं होतं ते मला लिहा. आईला वाचून दाखवायचं की नाही ते मी बघेन.

उज्ज्वला


मंचर,
१४ मार्च २०२५

उज्ज्वला,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. वर आशीर्वाद लिहिला नाही, कारण हे वाचून झाल्यावर माझा आशीर्वाद तुला नको असेल.

सावळेराम खरं बोलले. त्यांच्या नातवाच्या पत्रिकेचं काम रामनाथकडे होतं. शेवटची काही वर्षं तो कॉम्प्युटरवर बसायचा, पण जीव त्याचा त्या जुन्या तिरप्यावर. त्यानं त्या टायपाचं एकेक अक्षर कागदावर ठसवून घेतलं आणि कॉम्प्युटरमध्ये पुन्हा काढलं. खरा तिरपा, ढकललेला नाही. वर्षभर तो जेवणाच्या सुट्टीत ते करत होता. मला म्हणायचा, "भाऊ, मेलेला मानूस आडवा असतो. ह्यो तिरपा हाय. चालताना मानूस असाच पुढं झुकतो." मी हसण्यावारी न्यायचो.

अक्षरं पुरी झाली तेव्हा त्याला ती कुठंतरी लावून बघायची होती. सावळेरामांचं नाव घरातलं सगळ्यात मोठं, म्हणून मानानं त्यानं ते त्यात लावलं. मला न दाखवता पाचशे प्रती छापल्या. पत्रिका वाटल्या गेल्या आणि सावळेरामांच्या लेकी गावोगावहून रडत आल्या. म्हाताऱ्यानं दोन दिवस अन्न सोडलं. घरचे सगळे माझ्या दारात.

मी त्याला त्यांच्यासमोर उभं केलं. तो सांगत होता, मानासाठी लावलं. मी ऐकलं नाही. पन्नास वर्षांचा नियम, वडिलांचं नाव, हेच माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "जित्या मानसाला मारतोस? थांब, एक दिस तुजं नाव मीच तिरपं लावतो."

त्यानं हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि गेला. मला वाटलं, उद्या येईल.

एवढंच असतं तर मी तुला कधीच सांगितलं असतं. माणूस रागात बोलतो. पुढचं सांगायला मला चार वर्षं लागली.

२०२१ च्या मे महिन्यात प्रेसच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. सुरतेकडून. खोकी छापायच्या एका कारखान्यातल्या माणसानं हिंदीत चिठ्ठी लिहिली होती. रामनाथ तिथं कामाला होता. त्या वर्षीच्या तापाच्या साथीत गेला. शेवटचं सगळं तिथल्या लोकांनीच केलं. त्याच्या खिशात आमच्या प्रेसचं कार्ड होतं, म्हणून माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीसोबत मृत्यूचा दाखला आहे.

उज्ज्वला, तुझा भाऊ नाही.

मी त्या आठवड्यात निघालो होतो. वाटेत डिंभ्यापर्यंत आलो आणि लॉकडाऊनच्या बंदोबस्ताचं कारण स्वतःला सांगून मागं फिरलो. पुढच्या उन्हाळ्यात मात्र आहुप्याला आलो, तुला आठवत असेल. तुझ्या आईनं मला नाचणीची भाकरी वाढली आणि विचारलं, "रामनाथचा काय कागद आला का, भाऊ?" पाकीट माझ्या पिशवीत होतं. मी नाही म्हणालो. वर भाकरी खाल्ली.

सांगितलं असतं तर दहाव्याची पत्रिका माझ्याकडेच आली असती. तुम्ही दुसरीकडे गेलाच नसता. आणि त्यात त्याचं नाव मला लावावं लागलं असतं, मी बोललो होतो तसंच, माझ्या हातानं, तिरपं. माझ्यानं ते झालं नाही. नाव लावत नाही तोवर तो गेला नाही, असं मी धरून चाललो. तुझं पत्र आलं तेव्हाही उभं छापू म्हणून लिहिलं. वाटलं, एका पत्रिकेत तरी त्याला उभा करू. आई त्यावरून टोपी आणेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं ते पत्र वाचल्यापासून मला अन्न जात नाही.

दाखला पोस्टानं पाठवायला भीती वाटते, दुसरी प्रत नाही. तू म्हणशील तेव्हा घेऊन येतो. माफी मागत नाही, कारण ती कशी मागायची तेच सुचत नाही.

भगवंत


आहुपे,
१८ मार्च २०२५

भगवंतभाऊ,

तुमचं पत्र काल मिळालं. हे सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

आईला सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. तुम्ही गाळत आलात, आता मी गाळणार नव्हते. भाकरीचं वाचलं तेव्हा ती उठली, चुलीपाशी गेली आणि बराच वेळ तिकडे तोंड करून बसली. नंतर मोठ्यानं रडली. आमच्या वस्तीवरची सगळी माणसं गोळा झाली. पाच वर्षं ती डोळ्यांतून पाणी काढत नव्हती, अपशकुन होईल म्हणून.

तुम्ही त्याला बोललात त्याचा मला राग नाही. आम्हीही त्याला घरात काय काय बोललो असू. पण चार दिवाळ्या आईनं त्याचं ताट वाढून ठेवलं आणि तुम्हाला माहीत होतं. इंद्रायणी बारावी पास झाली तेव्हा तिनं मामाला पत्र लिहून ठेवलं, पत्ता कळला की टाकू म्हणून. तुम्हाला माहीत होतं.

लग्नाचं पुढं बघू. मोहितचे काका स्वतः येऊन बसले आणि काही न बोलता गेले, एवढं त्यांनी चांगलं केलं.

गुरुजी म्हणाले, आई आहे तेव्हा कळल्यापासून दहा दिवस धरायचे. २६ तारखेला दहावा. घोड नदीवर, जिथं आमचा घाट आहे तिथं. दहाव्याच्या पत्रिका पाहिजेत. आई म्हणते, दुसऱ्या कुठं द्यायच्या नाहीत. "ज्यानं म्हणलं त्यानंच लावावं." कोणत्या टायपात, ते सांगायची तिला गरज वाटली नाही.

मजकूर लिहायला बसले तर एका जागी अडले. निधनाची तारीख घालावी लागते. आम्हाला ती माहीत नाही. माझा भाऊ कोणत्या दिवशी गेला हे सगळ्या घराला तुम्हाला विचारावं लागतं आहे.

तारीख कळवा.

उज्ज्वला


मंचर,
२० मार्च २०२५

उज्ज्वला,

२३ एप्रिल २०२१, शुक्रवार. दाखल्यावर वेळ सकाळची आहे.

पत्रिका आणि दाखला आमच्या आरतीबरोबर पाठवतो आहे. तुला आठवते ना, माझी सून. तिच्याच हातून दाखला घे.

कॉम्प्युटरवर काढल्या नाहीत. खिळे काढले, पुसले आणि त्याचं नाव हातानं जुळवलं. 'रा'चा काना झिजला आहे, छापताना पुसट येतो, म्हणून प्रत्येक प्रत निरखून पाहिली आणि पुसट आलेल्या बाजूला काढल्या. एकट्यानं दीड दिवस लागला. चष्मा सारखा पुसावा लागत होता, त्यामुळे उशीर झाला.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. पत्रिकेच्या खाली, 'शोकाकुल' लिहितो तिथं, तुम्हा सगळ्यांच्या नावांनंतर माझं नाव आहे. तुला नको असेल तर कळव, कात्रीनं ती ओळ कापून टाकता येईल. तिच्याखाली काही नाही, मुद्दाम जागा सोडली आहे.

भगवंत


आहुपे,
२२ मार्च २०२५

भगवंतभाऊ,

पत्रिका मिळाल्या. दाखला मिळाला.

तारीख वाचल्यावर आईनं जुनी कॅलेंडरं काढायला लावली. आमच्याकडे ती टाकत नाहीत, पाठीमागे मुलं चित्रं काढतात. २०२१ चं सापडलं. त्या दिवशी एकादशी होती. आईनं दोनदा विचारलं, नक्की का. नक्की म्हटल्यावर म्हणाली, "म्हंजी माजा उपास व्हता. त्या दिशी मी जेवले नव्हते." तेवढ्यानं तिला किती बरं वाटलं ते मला सांगता येत नाही. त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली.

तिनं पत्रिका हातात घेतली आणि त्याच्या नावावर बोट ठेवलं. मग बोट खाली खाली नेत शेवटच्या ओळीवर आली आणि हे कोणाचं म्हणून विचारलं. मी तुमचं नाव वाचलं. कात्री मी आधीच जवळ घेऊन बसले होते, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आईनं माझ्या हातातून कात्री घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चार वरसं त्यो एकलाच सुतकात बसलाय. आता समदी मिळून बसू."

आईचं ते आईचं. मला अजून तेवढं जमलेलं नाही आणि कधी जमेल ते माहीत नाही.

२६ ला पहिल्या गाडीनं या. मी तुमच्याशी बोलेन असं धरू नका. आईनं तुमची जागा तिच्या शेजारी सांगितली आहे.

उज्ज्वला